शेजारणीच्या कोंबड्या

मला कोंबड्या कधीच आवडल्या नाहीत. माझा जन्म लिंबायतचा. दोन्हीकडे घरं चिकटलेली, मध्ये फरशीची गल्ली, आणि अंडं म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून कागदात गुंडाळून येणारी वस्तू. ते कुठल्या प्राण्याच्या पोटातून येतं याचा विचार करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. लग्न होऊन नवागामला आले, आणि पहिल्याच सकाळी सासूने माझ्या हातात झाडू दिला आणि मागचं दार उघडून म्हणाली, "आधी ते साफ कर."

घरामागे मोकळी जागा होती. इथले गुजराती लोक तिला वाडो म्हणतात. आमच्यासारख्या कामगारांच्या लाइनीत अशी जागा मिळणं म्हणजे चैन. तिथे जुन्या पत्र्याचं आणि मशिनीच्या खोक्याच्या फळ्यांचं खुराडं होतं, आणि सगळीकडे घाण. नवऱ्याला विचारलं, कोंबड्या आहेत हे लग्नाआधी का सांगितलं नाही? तो म्हणाला, "त्यात सांगायचं काय?" तो मिलमध्ये कामाला, रात्रपाळी करून आलेला. उशी डोक्यावर घेऊन झोपून गेला.

सासूला आमच्यात आत्या म्हणतात. आत्या धुळ्याकडची, सासरे वारल्यावर घर तिच्याच हुकमतीत होतं. तिचा जीव दोनच गोष्टींत. एक त्या कोंबड्या, आणि दुसरी भिंतीपलीकडची शेजारीण, जिच्याशी ती बोलत नव्हती.

शेजारीण अकोल्याकडची. दोन्ही कुटुंबं साधारण एकाच वेळी या लाइनीत राहायला आली होती, दोघींचे नवरे लूमवर होते, आणि दोघींच्या मागच्या अंगणांमध्ये छातीइतकी भिंत होती. भांडण कशावरून सुरू झालं ते मला दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळालं. आत्या सांगायची, हिने साबणाचं पाणी आमच्या बाजूला वळवलं. शेजारीण गल्लीतल्या बायकांना सांगायची, हिचा कोंबडा भिंतीवरून येऊन माझी वाळवणं चिवडायचा. मी आले तोवर या दोघींचं सरळ बोलणं कधीच संपलेलं होतं. बोलायचं झालं तर त्या आपापल्या कोंबड्यांना बोलत.

आत्याकडे एक मोठी, कवडीसारख्या ठिपक्यांची कोंबडी होती. तिला ती कवडीच म्हणायची. सकाळी दाणे टाकताना आत्या भिंतीकडे तोंड करून कवडीवर ओरडायची, "काय वं, दुसरानं दारमा तोंड घालस? लाज शे का तुले?" कवडी तिच्या पायाशी मुकाट दाणे टिपत असायची. मग पलीकडून शेजारीण आपल्या काळ्या कोंबडीला सांगायची, "तू लक्ष नको देऊ वं काळे. ज्याले काम नसते त्याचं तोंड चालते." हे रोज चालायचं. मी मध्ये उभी राहून झाडत असायचे, आणि मला दोघींचाही राग यायचा.

शेजारणीचा नवरा वारला तेव्हा आत्या त्यांच्या घरी गेली. बायकांच्या मागे जाऊन बसली, परत येऊन अंघोळ केली. मला वाटलं आता तरी संपेल. त्याच आठवड्यात मोरीच्या पाण्यावरून कवडीला पुन्हा बोलणी बसली.

मग शेजारणीच्या मुलाने तापीच्या पलीकडे फ्लॅट घेतला. तिसऱ्या मजल्यावर. इथलं घर एम्ब्रॉयडरीच्या मशिनी टाकणाऱ्या एका माणसाला भाड्याने दिलं. सामान टेम्पोत भरताना आत्या ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती, नाटक बघायला बसावं तशी. मी आत साड्यांचे धागे कापत होते. हे काम मी घरी आणते. गठ्ठेच्या गठ्ठे साड्या येतात, उलट्या बाजूचे लोंबते धागे कापून, घडी घालून परत द्यायच्या. तेवढ्यात दारात सावली पडली. शेजारीण उभी होती. माझ्या लग्नापासून ती आमच्या पुढच्या दारात कधी आली नव्हती. तिच्या हातात डालगं होतं, वरून जुनी साडी बांधलेली, आणि आत फडफड चालली होती.

आत्या तिथेच खुर्चीवर होती. शेजारणीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्याशी बोलली.

"तुह्या सासूले सांग, माह्या चार कोंबड्या आहेत. फ्लॅटमंदी चालत नाईत. तिथले लोक अंडंबी घरात येऊ देत नाईत, कोंबडी काय येऊ देतीन."

आत्या मला म्हणाली, "तिले सांग, कोपरावर चिकनवाला शे."

"तुह्या सासूले सांग, अंड्यावरच्या कोंबड्या हाये. कापायले देत नाई मी. या लाइनीत कोंबड्या ठेवणारी ती एकटीच हाये, म्हणून आली. नाईतर मी कायले येऊ हिच्या दारात?"

मी कुणालाच काही सांगितलं नाही. दोघींनाही सगळं ऐकू येत होतं. मला मनापासून वाटत होतं की आत्या नाही म्हणेल. चार कोंबड्या वाढल्या म्हणजे चार कोंबड्यांची घाण वाढली. पण आत्याच्या तोंडावर हळूहळू जे आलं ते मला ओळखीचं होतं. मला काही बोलायला सापडलं की ती तशीच दिसायची.

"ठेवी ले," ती मला म्हणाली. "तिन्या कोंबड्या मना हातनं खातीन. खाऊ दे."

शेजारणीने डालगं खाली ठेवलं. जाता जाता मला बजावलं, "एकदम सोडू नको. आठ-दहा दिस मधात जाळी लाव. एकमेकीले पाहू दे, मंग सोड. नाईतर मारून टाकतीन त्या." आणि टेम्पोत मुलाशेजारी बसून निघून गेली.

ती जाळीचं बोलली नसती तर कदाचित आत्याने जाळी लावली असती. तिने आयुष्यभर कोंबड्या पाळल्या होत्या, तिला काय कळत नव्हतं? पण शेजारणीने सांगितलं म्हटल्यावर ते करणं शक्यच नव्हतं. "ती कोन माले सांगनारी?" म्हणत तिने डालगं मागच्या अंगणात नेलं, साडीची गाठ सोडली आणि ते आडवं केलं.

चार कोंबड्या बाहेर आल्या. काळी आधी, मग दोन तांबड्या, आणि शेवटी एक उघड्या मानेची, जिच्या गळ्यावर पिसंच नव्हती, नुसती लाल कातडी. आमच्या पाचही कोंबड्या जिथल्या तिथे थांबल्या. मान वर. कोंबडा भिंतीवर चढून बसला आणि तिथून काही खाली उतरला नाही. मी दारात उभी होते. मला वाटलं, वर्षानुवर्षं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहिल्यात, आवाजाने तरी ओळखत असतील.

कवडी आली ती धावतच आली. गळ्याची पिसं फुलवून ती एका तांबडीवर पडली, तिच्या डोक्यावरचा तुरा चोचीत धरला आणि हलवू लागली. मग बाकीच्याही सुटल्या. पाचींनी मिळून नव्यांना कोपऱ्यात दाबलं, मोरीच्या कडेला. काळी उलटून मारत होती, तांबड्या भिंतीवर उड्या मारत होत्या आणि खाली पडत होत्या. उघड्या मानेची मात्र डोकं भिंतीच्या फटीत खुपसून नुसती उभी राहिली. तिची लाल मान सगळ्यांना दिसत होती. एकीने टोचलं, रक्त आलं, आणि रक्त दिसल्यावर सगळ्या तिच्याकडेच वळल्या. त्या पहिल्या तिघींना सोडून.

मी आत्याकडे पाहिलं. ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आत्या, सोडवा ना!"

"भांडतीन आनि थकतीन," ती म्हणाली. "कोंबड्याच त्या."

मी सूप घेऊन त्यांच्यात घुसले. त्या अंगणात मी अनवाणी कधी पाय ठेवला नव्हता. त्या दिवशी चप्पल घालायला वेळ नव्हता. सुपाने एकेकीला मागे ढकललं, कवडीने माझ्या पोटरीला चोच मारली, मी तिला सुपाने हाणलं. त्यावर आत्या माझ्यावर ओरडली, "मारू नको तिले!" इतका वेळ जिला कुणाचं रक्त दिसलं नव्हतं, तिला तेवढं दिसलं. उघड्या मानेच्या कोंबडीला मी उचललं. अंगाने गरम होती आणि इतकी हलकी की मला शिसारी आली. तिला न्हाणीत नेऊन ठेवलं. दुपारपर्यंत ती तिथे डोळे मिटून बसली होती. संध्याकाळी पाणी आल्यावर बादली लावायला गेले तर ती मेलेली होती.

आत्याने ती कापली नाही, फेकली. मला म्हणाली, "तिनी इचारं तं सांग, मांजर लई गयी."

"मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा."

"मी तिनाशी बोलस का?"

शेजारीण येईल असं मला खरं तर वाटलं नव्हतं. तापीपलीकडून नवागामला यायचं म्हणजे रिक्षा बदलत यायचं. पण पुढच्याच रविवारी ती दारात हजर. आतून चालत सरळ मागच्या दाराशी गेली, चप्पल न काढता, आणि मोजायला तिला वेळ लागला नाही. तांबड्या दोघी पत्र्यावर चढून बसल्या होत्या. त्या दिवसापासून त्या खाली उतरतच नव्हत्या. त्यांच्या तुऱ्यांवर काळ्या खपल्या होत्या. काळी खुराड्यामागच्या फटीत अंग चोरून उभी होती आणि कवडी त्या फटीसमोर फेऱ्या मारत होती.

"उघड्या मानेची कुठं हाये?"

"मेली," मी म्हटलं. "यांनी सगळ्यांना एकदम सोडलं. त्यांनी मारली."

आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग जे झालं ते सगळ्या लाइनीने ऐकलं. एम्ब्रॉयडरीवाल्याने मशीन बंद करून ऐकलं. पाळीवरून येऊन झोपलेला माझा नवरा उठला, मागच्या दारापर्यंत आला, आणि परत जाऊन दाराला आतून कडी लावून झोपला. एवढं होऊनही त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत. दोघींच्या मधोमध मी होते आणि दोघी माझ्याच तोंडावर ओरडत होत्या.

"सांग तुह्या सासूले, मुद्दाम मारली तिनं! माह्या नवऱ्यानं आणलेली कोंबडी होती ते!"

"तिले सांग, इतली माया होती तं टाकीसन कसाले गयी?"

"सांग तिले, माणसाचा राग जनावरावर काढते, बाई हाये का कोन हाये!"

"सांग, आपल्या घेऊन जाय. आतेच जाय!"

घेऊन जायला तिला जागा नव्हती. ते दोघींनाही माहीत होतं. शेजारीण पदर खोचून अंगणात उतरली. आमच्या अंगणात. मला म्हणाली, "हळद आण. तेल आण. तव्याखालची काजळी खरवडून आण."

"मी का आणू?"

"कारन तू उभी हाये."

मी आणलं. का आणलं ते मला आजही सांगता येत नाही. बहुतेक ती लवकर जावी म्हणून. तिने तांबड्यांना पत्र्यावरून खाली घेतलं, मांडीखाली दाबून त्यांच्या जखमांना हळद-तेल लावलं आणि वरून काजळी फासली. लाल दिसलं की टोचतात, म्हणून. मग मुलाने टेम्पोत टाकायची राहून गेलेली एक जुनी मासे धरायची जाळी एम्ब्रॉयडरीवाल्याकडून मागून आणली आणि माझ्या साड्यांच्या गठ्ठ्याची सुतळी न विचारता उचलून अंगणाचा एक कोपरा बंद केला. आत्या आत बसून भांडी आपटत होती. शेजारीण जाताना मला सांगून गेली की दाणे जाळीच्या दोन्ही बाजूंना, अगदी जवळजवळ टाकायचे, म्हणजे एकत्र खायची सवय होते. आणि हे सगळं आता माझं काम आहे असं ती धरूनच चालली.

तिथून पुढे ती दर रविवारी येऊ लागली. यायची, मागे जायची, तिन्ही कोंबड्या उचलून बघायची, मला काहीतरी बोलायची. पाणी घाण आहे. दाणे कमी टाकते. जाळी सैल झाली. तिने मला कधी "बस" म्हटलं नाही, माझ्याच घरात. मग एके दिवशी तिने पिशवीतून कांदा आणि दोन मिरच्या काढल्या, आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी गेली आणि गॅस पेटवला. तिच्या कोंबड्यांची त्या आठवड्याची अंडी फोडून तिने भुर्जी केली, आणि स्वयंपाकघरात खाली बसून भाकरीबरोबर खाल्ली. फ्लॅटमध्ये अंड्याचा वास आला तर लोक बेल वाजवतात, असं मला सांगितलं. सुनेनेही तिला ताकीद दिली होती. तेव्हा मला कळलं की ती कोंबड्या बघायला तर येते, पण खायलाही येते. मला तिची कीव यायला हवी होती. मला फक्त ती खरकटी कढई दिसत होती, जी तिने घासली नाही.

आत्या त्या वेळी मागच्या अंगणात पाठ करून बसायची. स्वतःच्या चुलीपाशी शत्रू जेवतोय आणि आपण कोंबड्यांच्यात बसलोय, हे तिला सहन होत नव्हतं, पण आत येऊन हाकलायचं तर बोलावं लागलं असतं.

अंड्यांवरून वेगळंच सुरू झालं. कोंबड्या जाळीच्या दोन बाजूंना होत्या तोवर कुणाचं अंडं कुणाचं ते कळायचं. मग तांबड्या जाळीवरून उडून आमच्या खुराड्यात अंडं घालून यायला लागल्या. शेजारीण टोपलीतलं एकेक अंडं उन्हाला धरायची आणि म्हणायची, "हे माह्या काळीचं. टोक पाह्य." आत्या आतून मला हाक मारायची, "तिले सांग, टोक सगळासले ऱ्हास!"

जाळी काढायचा दिवस आला तेव्हा काळी आणि तांबड्या बऱ्यापैकी निभावल्या असत्या. आमच्या बाकीच्या चार कोंबड्यांना आता त्यांच्यात काही रस राहिला नव्हता. पण कवडी सोडत नव्हती. दाण्यांपासून हाकलायची, पाण्यापासून हाकलायची, खुराड्याच्या दारात आडवी उभी राहायची. तिने हाकललं की तांबड्या जीव घेऊन पळायच्या, आणि पळायला उघडं दार एकच होतं, आमच्या घराचं. एके सकाळी एक तांबडी सुसाट आत आली ती साड्यांच्या गठ्ठ्यावर. धागे कापून, घडी घालून, न्यायला तयार ठेवलेल्या साड्या. फिकट आंबा रंगाच्या. तिने भीतीने वरच्या तीन साड्यांवर घाण केली आणि मग दुसऱ्या गठ्ठ्यावर उडी मारली. त्या साड्या मला गार पाण्याने डाग-डाग धुऊन, पंख्याखाली वाळवून, इस्त्री करून द्याव्या लागल्या, आणि तरी ज्याने काम दिलं होतं त्याने वास घेऊन पाहिला आणि माझ्याकडे बघून नाक मुरडलं. त्या नजरेने मी दोन दिवस जेवले नाही.

आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "तिन्या कोंबड्या शेतस, तिले सांग."

रविवारी शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली, "कवडीले काढ. चार-सहा दिस एकटीले डालग्याखाली ठेव, दुसऱ्या जागी, जिथून बाकीच्या दिसत नाईत. मंग सोड. तिचा माज उतरते."

आत्याने हे आतून ऐकलं. बाहेर येऊन खुराड्याच्या दारात बसली, आणि शेजारीण जाईपर्यंत तिथून हलली नाही.

पुढच्या आठवड्यात आत्या भाच्याच्या लग्नाला गावी गेली. रेल्वेने, नऊवारी नेसून, हळदीपासून ते पूजेपर्यंत राहायला. तिची रिक्षा वळली आणि मी मागे गेले. कवडीला धरायला मला बराच वेळ लागला. तिने माझ्या मनगटावर दोन ठिकाणी रक्त काढलं. मी तिला पुढच्या ओट्यावर नेलं, डालग्याखाली घातलं, वर पाटा ठेवला. पाणी दिलं, दाणे दिले. ती दिवसभर आतून डालग्याच्या काड्यांवर टोचत राहायची. मला वाईट वाटलं नाही. उलट त्या आवाजावर मी शांतपणे धागे कापत बसायचे, इतकं काम माझं त्या घरात कधी झालं नव्हतं. मागच्या अंगणात दुसऱ्या दिवसापासून सगळ्या एकत्र खात होत्या. काळी सगळ्यांच्या आधी पाण्याला जायची, आणि बाकीच्या तिला जागा करून द्यायच्या.

आत्या परत यायच्या आदल्या दिवशी मी कवडीला मागे सोडलं. ती नेहमीसारखी मान काढून दाण्यांकडे धावली. काळी जागची हलली नाही. कवडी तिच्या अंगावर गेली, आणि काळीने तिला घेतलं. फार वेळ लागला नाही. बाकीच्या कोंबड्यांनी, तिच्याच त्या चौघींनी, लांब उभं राहून पाहिलं. एकीही मध्ये पडली नाही. उलट कवडी मागे सरल्यावर तिच्यातलीच एक पांढरी धावत आली आणि तिला टोचून गेली. कवडी मोरीच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

आत्याने बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. आधी मागे गेली. कवडी खुराड्यात खालच्या फळीवर, दाराच्या वाऱ्यात बसली होती. वरच्या दांडीवर काळी.

"कोनी कोंडी तिले?"

"मी."

"कोनं सांगं?"

"कुणी नाही. माझ्या साड्या खराब होत होत्या."

"तिनीच सांगं. माले माहीत शे." ती खाली बसली आणि कवडीला उचलून मांडीवर घेतलं. तिच्या पिसांत बोटं घालून बघत होती, कुठे कुठे लागलंय ते. "घरमा एक वैरीणच कमी होती," ती म्हणाली. कवडीला म्हणाली, मला नाही.

त्यानंतर आत्याने माझ्या हातचं खाणं बंद केलं. स्वतःची भाकरी स्वतः थापायची, स्वतःचं ताट स्वतः घ्यायची. नवऱ्याने विचारलं तर म्हणायची, "तुनी बायकोले इचार." त्याने मला विचारलं. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कोंबडीवरून?" आणि त्याला हसू आलं. मी त्याच्याशीही दोन दिवस बोलले नाही.

रविवारी शेजारीण आली, काळीला वरच्या दांडीवर बघितलं आणि तिथेच उभी राहून हसली. मोठ्याने, तोंडाला पदर न लावता. मग काळीला म्हणाली, "जमलं वं बाई तुले. मले नाई जमलं." आत्याने ते ऐकलं. हातातलं तांब्याभर पाणी तिने मोरीत अशा ताकदीने फेकलं की शेजारणीच्या साडीवर चिखल उडाला. शेजारणीने साडी झटकली, आत जाऊन गॅस पेटवला.

कवडी त्यानंतर अंडी द्यायची थांबली. कळपात राहायची, पण शेवटी खायची. आत्या तिला वेगळे दाणे मुठीने भरवायची आणि त्यामुळे बाकीच्या तिला आणखी टोचायच्या.

थंडीच्या शेवटाला काळी खुडूक बसली. तिने अंगाखाली जी अंडी घेतली ती सगळ्यांची होती. आमच्या पांढरीची, तांबड्यांची, कुणाकुणाची. पिल्लं निघाली तेव्हा रविवार नव्हता, पण शेजारीण आली. कुणी कळवलं माहीत नाही. मला वाटतं एम्ब्रॉयडरीवाल्याने. ती अंगणाच्या एका बाजूला बसली, आत्या दुसऱ्या बाजूला, मध्ये काळी पिल्लं घेऊन उकरत होती.

"सांग तुह्या सासूले," शेजारीण मला म्हणाली, "बसली माही कोंबडी. पिल्लं माही."

"तिले सांग, अंडं मन्या कोंबड्यासनं. घर मनं. दाना मना."

"सांग तिले..."

मी झाडू खाली टाकला. दिंडोलीला एक खोली आम्ही आधीच पाहून ठेवली होती, दुसऱ्या मजल्यावर. नवरा आईला सांगायला घाबरत होता. पंधरा दिवस उद्या सांगतो म्हणत होता. मी म्हटलं, "मी कुणाला काही सांगणार नाही. आम्ही दिंडोलीला खोली घेतोय. पुढच्या महिन्यात जाणार."

मग शेजारीण म्हणाली, "आन् कोंबड्या कोन पाह्यीन?"

आत्याने मान वळवली. पहिल्यांदाच सरळ तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "इचार तिले. तूच इचार."

"म्हाताऱ्या बाईच्या गळ्यात टाकून चालली," शेजारीण आत्याला म्हणाली.

"पहिल्या दिनपासून तिनं मन नही कोंबड्यासमा," आत्या शेजारणीला म्हणाली. "माले तवाच दिसनं."

"झाडते कशी ते पाह्यलं का तू? कोपरे तसेच ठेवते."

"आनि दाना फेकस, मूठ उघडी करीसन, जसा कचरा टाकस."

त्या बोलत राहिल्या. माझ्याबद्दल, माझ्या समोर, एकमेकींशी. माझं झाडणं, माझ्या साड्या, मी कवडीला कोंडलं ते. शेजारीण म्हणाली की कोंडायला सांगितलं तरी इतके दिवस कोंडायचं नव्हतं, आणि आत्याने मान डोलावली. मी आत जाऊन माझे गठ्ठे बांधायला घेतले. बाहेरून त्यांचे आवाज येतच होते.

खोली आम्ही घेतली. मागे अंगण नाही, खिडकी रस्त्यावर उघडते, साड्या खाटेवर ठेवते त्या तशाच राहतात. नवरा पाळी बदलली की आईकडे जाऊन येतो. सांगतो की शेजारीण आता रविवारची वाट बघत नाही, मधेअधेही येते, आणि दोघी मोरीवरून पुन्हा भांडायला लागल्यात, पण आता तोंडावर. येताना तो डब्यात कापडात गुंडाळून अंडी आणतो. मी त्याला करून वाढते. मी खात नाही. त्या अंगणातलं मला काहीही नको आहे.